सात कुप्या, तीन वारस: जेडच्या चिनी तपकीर-कुप्यांच्या वाटणीचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

मुंबईतील एका पारशी कुटुंबात आईच्या निधनानंतर मालमत्तेची वाटणी होत असताना दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात ठेवलेल्या सात लहान चिनी कुप्यांवरून जो पेच निर्माण झाला, त्याची ही हकिगत आहे. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून नाती आणि काही बारीकसारीक तपशील बदलले आहेत. प्रस्तुत लेखकाचा संबंध वस्तूंची पाहणी आणि मूल्यांकनाचा सल्ला एवढ्यापुरताच होता.

मृत्युपत्रात ‘जेडच्या सात बाटल्या’ (जेड हा कोरीव कामासाठी वापरला जाणारा, बहुधा हिरवा किंवा पांढरा मौल्यवान दगड) असा एका ओळीचा उल्लेख होता आणि सर्व चीजवस्तूंचे तीन समान भाग करावेत असे म्हटले होते. वारस तीन होते: त्याच घरात राहणारी थोरली बहीण, पुण्यात स्थायिक झालेला भाऊ, आणि दिवंगत धाकट्या बहिणीचा लंडनमध्ये नोकरी करणारा मुलगा. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी कथा अशी, की आईच्या माहेरचे एक पूर्वज कापूस आणि अफूच्या व्यापारासाठी दक्षिण चीनमधील कँटन बंदराला जात असत आणि या कुप्या त्यांनी तेथून आणल्या. त्यातली पांढरी कुपी तर थेट पेकिंगच्या (आजच्या बीजिंगच्या) राजवाड्यातली.

कथेचा पहिला अर्धा भाग अशक्य नव्हता. हीरजी जीवनजी रेडीमनी १७५६ मध्ये कँटनला गेले, त्यानंतर मुंबईच्या पारशी व्यापाऱ्यांची तेथे सतत ये-जा राहिली. जमशेटजी जीजीभाईंची पहिली चीनयात्रा १७९९ सालची आहे. या व्यापाऱ्यांबरोबर ‘गारा’ नावाच्या भरतकामाच्या रेशमी साड्या, चिनी मातीची भांडी आणि कोरीव वस्तू मुंबईत आल्या. मात्र १७५७ पासून १८४२ पर्यंत परदेशी व्यापाऱ्यांना कँटनपलीकडे जाण्यास मुभा नव्हती, त्यामुळे राजवाड्यातील कुपी व्यापाऱ्याच्या हाती कशी आली, याचे उत्तर कथेत नव्हते.

तपकीर आपल्याकडे डबीत ठेवली जाते, चीनमध्ये ती कुपीत ठेवली गेली. युरोपातून तपकीर प्रथम जेझुइट धर्मप्रचारकांमार्फत चिनी दरबारात पोहोचली. तंबाखू ओढण्यावर चीनच्या शेवटच्या, म्हणजे छिंग राजवटीच्या आरंभी बंदी होती, पण तपकीर औषध मानली जात असल्यामुळे दरबारात तिला मान मिळाला. दमट हवेत उघड्या डबीतील पूड सादळत असे. म्हणून अरुंद तोंडाची, घट्ट बुचाची आणि बुचालाच चिमुकला चमचा जोडलेली, तळहातात मावेल अशी कुपी रूढ झाली. काच, चिनी माती, अकीक, अंबर, हस्तिदंत अशा नाना पदार्थांच्या कुप्या झाल्या. जेडच्या कुपीचा मान त्यांत वरचा, कारण जेडला चीनमध्ये सोन्याहून अधिक आदर होता.

पेच

भाच्याने सातही कुप्यांची छायाचित्रे लंडनमधील एका लिलावगृहाला पाठवली होती. तेथून आलेल्या उत्तरात पांढऱ्या कुपीबद्दल, वस्तू प्रत्यक्ष पाहण्याच्या अटीवर, ती अठराव्या शतकातील असू शकेल असे म्हटले होते आणि सोबत दिलेला किमतीचा अंदाज कुटुंबाच्या कल्पनेच्या कितीतरी पट होता. मेरी आणि जॉर्ज ब्लॉक यांचा प्रसिद्ध संग्रह २०१० पासून हाँगकाँगच्या लिलावांत विकला जाऊ लागल्यापासून या कुप्यांच्या भावांविषयी बरेच बोलले जाते, आणि भाच्याने ते सारे वाचलेले होते. त्याचे म्हणणे सरळ होते: सर्व कुप्या आपण पुढच्या खेपेस बॅगेतून लंडनला नेऊ, तेथे विकू आणि पैशांचे तीन भाग करू. थोरल्या बहिणीला पांढरी कुपी विकायचीच नव्हती. आईच्या हातची म्हणून ती स्वतःकडे ठेवायची होती. त्यावर भाच्याचे उत्तर असे, की मावशीने ती खुशाल ठेवावी, पण मग लंडनच्या किमतीने आमचे दोन हिस्से रोख द्यावेत. तेवढी रक्कम तिच्याकडे नव्हती. भावाला कुप्यांत रस नव्हता, फक्त प्रकरण मिटावे असे वाटत होते.

वरवर हा किमतीचा वाद दिसत होता. प्रत्यक्षात त्याच्या पोटात तीन वेगळे प्रश्न होते: कुपी कशाची आहे, केव्हाची आहे आणि ती देशाबाहेर जाऊ शकते का. कुटुंबाने चौथ्या, म्हणजे किमतीच्या प्रश्नापासून सुरुवात केली होती. भारतात जुन्या वस्तूंच्या बाबतीत हा क्रम उलटा चालतो, कारण वस्तू जितकी जुनी ठरेल तितके तिच्या विक्रीचे मार्ग कमी होतात. भाच्याला कुपी अठराव्या शतकातीलही हवी होती आणि लंडनलाही न्यायची होती. या दोन इच्छा एकत्र पुऱ्या होणे शक्य नव्हते, आणि हे त्याला कोणीच सांगितलेले नव्हते.

तपासणीआधीचा निर्णय

पाहणीला सुरुवात होण्यापूर्वीच एक नुकसान होऊन गेले होते. भावाच्या घरी नेलेल्या दोन कुप्या कोणीतरी साबणाच्या गरम पाण्यात घालून आतून घासून काढल्या होत्या. जेडला साबणाने फारसा धोका नसला, तरी आत चिकटलेला तपकिरीचा जुना थर आणि पृष्ठभागावरचे मेण त्यात गेले, आणि एका कुपीच्या खांद्यावरची जुनी केसासारखी चीर स्पष्ट दिसू लागली. आतला थर वयाचा पुरावा ठरत नाही, कारण तो मागाहूनही चढवता येतो. पण वापराची खूण म्हणून ग्राहक तो पाहतात, आणि एकदा गेलेला परत आणता येत नाही.

म्हणून उरलेल्या पाच कुप्यांबाबत पहिला निर्णय घ्यावा लागला तो पाण्यात बुडवून सापेक्ष घनता (वस्तू तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या किती पट जड आहे) मोजावी की नाही, हा. ही मोजणी स्वस्त आणि विश्वासार्ह आहे, पण तिच्यासाठी पोकळी पाण्याने पूर्ण भरावी लागते आणि आत बुडबुडा राहून चालत नाही. पांढऱ्या कुपीत थर शाबूत होता. तिच्यापुरते पाणी टाळून पायथ्याच्या सपाट भागावर अपवर्तनांक, म्हणजे पदार्थ प्रकाश किती वाकवतो, हे पाहावे आणि रत्नपरीक्षण प्रयोगशाळेत रामन वर्णपट, म्हणजे लेसरच्या प्रकाशाने खनिज ओळखण्याची चाचणी, घ्यावा, असे ठरले. खर्च वाढला, पण वस्तूला स्पर्शापलीकडे काही झाले नाही. बाकीच्या कुप्या पाण्यात तोलल्या गेल्या.

तपासणीत काय आढळले

बाजारात ‘जेड’ या एका नावाखाली दोन भिन्न खनिजे येतात. नेफ्राइट हे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे सिलिकेट असून त्याचे सूक्ष्म तंतू एकमेकांत इतके गुंतलेले असतात, की ते फोडण्यास अतिशय चिवट ठरते. त्याची सापेक्ष घनता सुमारे २.९५ आणि अपवर्तनांक सुमारे १.६१. जेडाइट हे सोडियम आणि ॲल्युमिनियमचे सिलिकेट, घनता सुमारे ३.३४, अपवर्तनांक सुमारे १.६६. ही दोन खनिजे निराळी आहेत हे फ्रेंच रसायनज्ञ आलेक्सी दामूर यांनी १८६३ मध्ये दाखवून दिले. चिनी कारागिरांचे जुने जेड म्हणजे नेफ्राइट, तेही प्रामुख्याने मध्य आशियातील खोतानच्या (आजच्या चीनच्या शिनजियांग प्रांतातील) नद्यांतून मिळणाऱ्या गोट्यांचे. १७५९ मध्ये छ्येनलुंग सम्राटाच्या सैन्याने तो प्रदेश जिंकल्यावर त्याचा पुरवठा वाढला. हिरवेगार जेडाइट ब्रह्मदेशातून येई आणि चीनमध्ये ते अठराव्या शतकापासून पुढे मोठ्या प्रमाणावर दिसू लागते.

सातांपैकी तीन कुप्या नेफ्राइटच्या निघाल्या: पांढरी, राखी-हिरवट आणि गडद पालकाच्या रंगाची. एक पांढऱ्यावर पोपटी छटांची कुपी जेडाइटची होती, आणि अवरक्त वर्णपटात तिच्यात राळ भरल्याची खूण आढळली नाही. १९८० च्या दशकापासून आम्लाने विरंजन करून राळ भरलेले जेडाइट बाजारात इतके आले आहे, की ही चाचणी टाळणे परवडत नाही. सहावी मऊ होती आणि घनता २.६ च्या जवळ असल्याने सर्पेंटाइन या जेडसारख्या दिसणाऱ्या मऊ दगडाची ठरली. सातवी ॲव्हेंच्युरिन क्वार्ट्‌झची, म्हणजे ज्याला दुकानदार ‘इंडियन जेड’ म्हणतात तिची. आणि पाचवी, दुधाळ पांढरी, काच होती. भिंगाखाली लांबट बुडबुडे स्पष्ट दिसत होते.

काच म्हणताच ती कुपी कुटुंबाच्या लेखी बाद झाली. भाच्याने तर ती मावशीकडे राहू द्यावी, हिशेबात धरू नये, असे उदारपणे सुचवले. येथे थांबणे आवश्यक होते. खांग्शी सम्राटाने १६९६ मध्ये पेकिंगच्या राजवाड्यात काचशाळा सुरू केली, तिची उभारणी किलियान श्टुम्फ या जेझुइट पाद्र्याच्या देखरेखीखाली झाली, आणि छिंग काळात काचेला मुद्दाम पांढऱ्या जेडचे रूप देऊन ती जेडसारखीच घासून कोरली जात असे. तेव्हा जेडची नक्कल करणारी काच जेडइतकीच जुनी असू शकते. या कुपीच्या पायथ्याची झीज, कोरीव कडांचा मऊपणा आणि तोंडाची घडण पाहता ती एकोणिसाव्या शतकाच्या अलीकडची वाटत नव्हती. घरातल्या दोन खऱ्या जेडच्या कुप्यांपेक्षा ही ‘खोटी’ कुपी बहुधा वयाने मोठी होती.

वयाचा प्रश्न अधिक अवघड. दगड केव्हा तयार झाला हे भूविज्ञान सांगू शकेल, पण तो केव्हा कोरला गेला हे सांगणारी कोणतीही प्रयोगशाळा नाही. कारागिरी वाचावी लागते. जेड खरे तर कोरले जात नाही. क्वार्ट्‌झ, गार्नेट किंवा कुरुंदाची ओली पूड फिरत्या हत्याराखाली धरून ते झिजवले जाते. जुना कारागीर तोंडातून सरळ भोक पाडून थांबत नसे. वाकड्या टोकाच्या हत्यारांनी तो खांद्यांच्या आतपर्यंत पोखरत जाई, त्यामुळे आतली पोकळी बाहेरच्या आकाराला अनुसरते आणि कुपी हाताला अनपेक्षितपणे हलकी लागते. उत्तम पोखरलेली कुपी पाण्यावर तरंगते. बारीक प्रकाशनळी आत घालून पाहिल्यावर पांढरी आणि राखी-हिरवट या दोन कुप्यांत अशी गोल, खांद्यापर्यंत गेलेली पोकळी दिसली. पांढऱ्या कुपीवर गोट्याची मूळची तांबूस साल ठेवून तिच्यातूनच देवदार आणि करकोचा उठावात काढले होते, आणि साल रंगवल्याची चिन्हे नव्हती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एकोणिसाव्याच्या मध्यापर्यंत, इतका रुंद काळ मी अहवालात लिहिला. त्याहून नेमके वर्ष देणारा अहवाल विकत मिळतो, पण त्याला आधार नसतो.

गडद हिरव्या कुपीच्या तळाशी छ्येनलुंगच्या नावाची चार अक्षरांची मुद्रा होती. भाच्याच्या दृष्टीने तो निर्णायक पुरावा होता. अशी मुद्रा त्या सम्राटानंतर दीडशे-दोनशे वर्षे वस्तूंवर घातली जात राहिली, कधी आदराने, कधी फसवणुकीने, आणि या कुपीची पोकळी अरुंद, सरळ आणि आखूड होती. शिवाय घरच्या कागदांत हाँगकाँगच्या एका दुकानाची १९३४ सालची पावती सापडली: ‘जेडच्या दोन बाटल्या, एक गडद हिरवी, मुद्रेसह, एक हिरवी-पांढरी’. कँटनच्या पूर्वजांची कथा या दोन कुप्यांपुरती संपली.

पुढे कोणते मार्ग होते

पुरावस्तू व कलानिधी कायदा, १९७२ हा ५ एप्रिल १९७६ पासून लागू आहे. भाच्याचा युक्तिवाद असा होता, की वस्तू चिनी असल्यामुळे भारतीय वारशाच्या कायद्याशी तिचा संबंध नाही. कायद्यातील व्याख्या मात्र वस्तू कोठे घडली हे विचारत नाही; गतकाळातील कला, कारागिरी, चालीरीती यांची साक्ष देणारी आणि किमान शंभर वर्षे अस्तित्वात असलेली वस्तू ती पुरावस्तू मानते. अशी वस्तू निर्यात करण्याचा अधिकार केवळ केंद्र सरकारला किंवा त्याने अधिकृत केलेल्या संस्थेला आहे. उल्लंघनास किमान सहा महिने आणि कमाल तीन वर्षे कारावास व दंड अशी शिक्षा आहे. वस्तू पुरावस्तू आहे की नाही असा वाद झाला, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या महासंचालकांचा निर्णय अंतिम असतो.

सहा-सात सेंटिमीटरची वस्तू कोटाच्या खिशात मावते, आणि मोह तेथेच आहे. तो मार्ग पहिल्याच बैठकीत बाजूला ठेवला गेला; थोरल्या बहिणीने स्पष्ट सांगितले, की असे करणार असाल तर माझी सही कोठेही मिळणार नाही. दुसरी सूचना अधिक सभ्य दिसत होती, म्हणून अधिक धोक्याची: एखाद्या ओळखीच्या जवाहिऱ्याकडून ‘अलीकडील बनावट’ असा दाखला घ्यावा, त्याच्या आधारे वस्तू पुरावस्तू नसल्याचे प्रमाणपत्र मिळवावे, आणि लंडनमध्ये हीच कुपी अठराव्या शतकातील म्हणून विकावी. एकाच वस्तूची दोन वये दोन देशांत सांगण्याचा हा बेत होता. त्यातला कायदेशीर धोका सोडला, तरी व्यवहाराच्या दृष्टीनेही तो टिकणारा नव्हता, कारण चांगले लिलावगृह वस्तू भारतातून कोणत्या कागदावर बाहेर पडली हे विचारते, आणि तो कागदच तिचे वय खोडून काढतो.

उरलेले मार्ग असे: सर्व कुप्या पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मुंबईतील तज्ज्ञ समितीसमोर जशा आहेत तशा ठेवून त्यांचे मत घ्यावे, ज्यांना प्रमाणपत्र मिळेल त्या भाच्याने न्याव्यात, बाकीच्या परवानाधारक विक्रेत्यामार्फत भारतातच विकाव्यात, आपसांत वाटाव्यात किंवा संग्रहालयाला द्याव्यात.

दोन आनुषंगिक गोष्टी येथेच निघाल्या. चार कुप्यांच्या बुचांना चमचे होते. त्यांपैकी दोन हाडाचे, एक तांब्याचा आणि पांढऱ्या कुपीचा हस्तिदंताचा होता. हाडात सूक्ष्म काळपट छिद्रे दिसतात, हस्तिदंतात ती नसतात, पण इतक्या बारीक चमच्यावर हस्तिदंताची जाळीदार रेषाकृती ओळखण्यास अनुभवी डोळा लागतो. वन्यजीव संरक्षण कायद्यातील १९८६ आणि १९९१ च्या दुरुस्त्यांनंतर भारतात हस्तिदंताच्या व्यापाराला वावच राहिलेला नाही, आणि ब्रिटनमध्येही २०२२ पासून स्वतंत्र कायदा लागू आहे. इंचभर चमच्यामुळे संपूर्ण व्यवहार अडू शकतो. दुसरी गोष्ट राजवाड्याच्या कथेची. १८६० मध्ये पेकिंगजवळच्या उन्हाळी राजवाड्याची ब्रिटिश आणि फ्रेंच सैन्याने लूट केली, हे सर्वज्ञात आहे. पुराव्याशिवाय ‘राजवाड्यातली कुपी’ असे लिहिणे म्हणजे एक तर खोटे लिहिणे किंवा लुटीचा माल असल्याचे स्वतः कबूल करणे. ते वर्णन कागदांतून काढले.

काय ठरले

समितीसमोर जाण्यापूर्वी भावाने एक शंका विचारली, जी या प्रकरणातील सर्वांत नेमकी शंका होती: १९३४ ची पावती दाखवली तर त्या दोन कुप्या तरी सुटतील ना? पावती वस्तू केव्हा विकत घेतली ते सांगते, केव्हा घडली ते नाही. तिच्यावरून वस्तू १९३४ च्या आधीची आहे एवढे सिद्ध होते. हे प्रकरण २०२४ मधले. त्यामुळे सुटका होण्यासाठी कुपी १९२४ नंतरची आहे असे दिसायला हवे होते, आणि ते पावती सांगत नव्हती. शंभर वर्षांची रेषा दरवर्षी एक वर्ष पुढे सरकते, हे लोकांच्या लक्षात येत नाही. तरीही पावती लपवायची नाही असे ठरले.

मुख्य निर्णय किमतीचा होता. पांढऱ्या कुपीचा हिस्सा कोणत्या भावाने मोजायचा? माझे मत स्पष्ट होते आणि ते मी लेखी दिले: जो भाव कायद्याने या तिघांपैकी कोणालाही मिळू शकत नाही, तो वाटणीत धरता येत नाही. भारतात परवानाधारक विक्रेत्याकडून जो भाव मिळू शकतो, तोच हिशेबाचा. दोन विक्रेत्यांकडून लेखी भाव घेतले गेले. वरचा भावही लंडनच्या अंदाजाच्या निम्म्याहून कमी होता. येथे चिनी कुप्यांचे संग्राहक थोडे आहेत आणि ग्राहकालाही वस्तू बाहेर नेता येत नाही, हे त्याचे कारण. भाच्याला हे पटायला वेळ लागला. त्याची नाराजी समजण्यासारखी होती, कारण लंडनचा आकडा काल्पनिक नव्हता. फक्त तो या कुपीला लागू नव्हता.

निष्पत्ती

समितीने सर्पेंटाइन आणि क्वार्ट्‌झच्या कुप्या पुरावस्तू नसल्याचे मत दिले. त्या भाच्याकडे गेल्या. बाकीच्या पाचांना प्रमाणपत्र मिळाले नाही. पांढरी कुपी थोरल्या बहिणीने भारतातील बाजारभाव धरून स्वतःच्या हिश्श्यात घेतली, आणि हस्तिदंताचा चमचा कुपीबरोबर घरातच राहिला. राखी-हिरवट कुपी परवानाधारक विक्रेत्यामार्फत विकली गेली, मात्र उघड्या पडलेल्या चिरेमुळे किंमत अपेक्षेपेक्षा खाली आली. हीच कुपी साबणाच्या पाण्यात गेलेली होती. १९३४ च्या दोन्ही कुप्या भावाने ठेवून घेतल्या आणि फरकाची रक्कम भाच्याला दिली. काचेची कुपी तिघांनी मिळून एका संग्रहालयाला देऊ केली. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराब टाटा यांच्या संग्रहांतून आलेल्या चिनी वस्तू पाहून आल्यावर थोरल्या बहिणीनेच हा विचार मांडला होता.

वेगळे काय करता आले असते

मृत्युपत्र करतानाच सात कुप्यांची छायाचित्रे, वजने आणि एकेका ओळीचे वर्णन जोडले असते, तर निम्मा वाद उद्‌भवला नसता. आई हयात असताना कोणती कुपी हाँगकाँगची आणि कोणती माहेरची, हे ती सांगू शकली असती. क्वार्ट्‌झची कुपी तिने स्वतः १९७० च्या दशकात प्रवासात घेतली होती, हे एका जुन्या छायाचित्रावरून फार उशिरा कळले.

परदेशी लिलावगृहाचा अंदाज मागवण्यात गैर काही नव्हते, परंतु तो निर्यातीचा प्रश्न सुटण्याआधी सर्वांना कळवला गेला, आणि एकदा कानावर पडलेला आकडा मनातून जात नाही. तिघांनी आधी वाटणीचे सूत्र ठरवून मग भाव मागवले असते, तर मावशी-भाच्यांतला कडवटपणा टळण्याची शक्यता होती. सूत्र भावानंतर ठरल्यामुळे प्रत्येकाला ते दुसऱ्याच्या सोयीचे वाटले.

संग्रहालयाला दिलेल्या काचेच्या कुपीबाबत मी आजही थोडा साशंक आहे. ती अभ्यासाच्या दृष्टीने पाचांतील सर्वांत रंजक होती हे खरे, पण तिची निवड झाली ती तिच्यावर कोणाचाच हक्काचा आग्रह नव्हता म्हणून. पांढरी कुपी दीर्घ मुदतीच्या उसनवारीवर संग्रहालयात ठेवण्याचा पर्याय बैठकीत मांडला गेला, पण त्यावर पुरेशी चर्चा झाली नाही.

शेवटची बाब कराची. वारशाने मिळालेली कलावस्तू विकल्यास भांडवली नफ्याचा हिशेब द्यावा लागतो, आणि २००१ पूर्वी संपादन केलेल्या वस्तूसाठी १ एप्रिल २००१ रोजीचे बाजारमूल्य आधार म्हणून घेता येते. ते मूल्य फक्त विकलेल्या राखी-हिरवट कुपीसाठी काढले गेले. वस्तू, कागद आणि तज्ज्ञ एकाच टेबलाशी असताना घरात राहिलेल्या तिन्ही कुप्यांचे ते मूल्य त्याच अहवालात नोंदवून घेणे सोयीचे झाले असते. त्यानंतर भावाने जेडाइटची कुपी विकायची ठरवली, तेव्हा हे काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागले.